सत्कारात गेलेला तास

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. ओतूरजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये पहिला संगणक आला, तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. पुण्याच्या कंपनीतला एक इंजिनीअर रजा टाकून एसटीनं शिकवायला यायचा. आल्या आल्या शर्टाच्या बाह्या दुमडायचा. मी मात्र दर वेळी शाल, श्रीफळ, भाषणं ठेवायचो; तेवढ्यात त्याच्या परतीच्या गाडीची वेळ व्हायची.

“सर, शाल नको. मुलांजवळ बसू द्या,” तो एकदा हळूच म्हणाला.

“पावणं, आमी मशीनला हात कवा लावायचा?” मागून एका मुलीनं विचारलं. मी तिला दटावलं.

तो पुन्हा आला नाही. ती मुलं संगणकाला हात न लावताच दहावी होऊन गेली.

पुढं एकदा तो आळेफाट्याला दिसला. मी माफी मागायला पुढं झालो, आणि तोंडातून सत्काराचं भाषणच निघालं.