अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली

मी आयुष्यात एकच घर विकलं. तेव्हापासून आमच्या कॉलनीत कुणाला घर विकायचं असलं, की 'ऑनलाइन टाकू का एजंटला देऊ?' हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. मी काय केलं ते नीट ऐकून घेतात आणि बरोबर त्याच्या उलट करतात. आतापर्यंत सगळ्यांचं भलं झालंय.

आम्ही नाशिकमध्ये सातपूरला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बावीस वर्षं राहिलो. मी कंपनीत स्टोअरकीपर होतो. जन्मभर नटबोल्ट मोजलेला माणूस रिटायर झाल्यावर जे करेल तेच मी केलं. गॅलरीत झोपाळा टांगला आणि काहीही मोजायचं बंद केलं. थंडीत सकाळी धुकं असायचं, मग त्यातून लांबचा डोंगर अलगद वर यायचा, आधी नुसती कड, मग खांदे, मग अख्खा. मी बघत बसायचो आणि हातातला चहा गार व्हायचा. शैला, म्हणजे आमची सौभाग्यवती, दुसरा चहा आणून द्यायची. तोही गार व्हायचा. तिसरा मागायची माझी हिंमत नव्हती.

या सगळ्या तंद्रीत एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नाही. शैलाचे गुडघे गेले होते! डॉक्टरांनी जिने बंद केले. आमच्याकडून रस्त्यापर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या, त्यामुळे दवाखाना सोडला तर ती आठ महिने खाली उतरली नव्हती. भाजीसाठी गॅलरीतून दोरीने टोपली सोडायची. एक दिवस टोपली सोडता सोडता म्हणाली, "अहो, ती नवी भाजीवाली दिसायला कशी आहे हो? मला वरून नुसता तिचा पदर दिसतो."

मी झोपाळा पायाने थांबवला आणि म्हटलं, "शैला, आपण तळमजल्यावर घर घेऊ. हे विकून टाकू."

"आणि तुमचा डोंगर?"

"डोंगर काय, कुठूनही दिसतो," मी म्हणालो. (तळमजल्यावरून फक्त पार्किंग दिसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.)

आता प्रश्न आला, की विकायचं कसं. आमची मुग्धा पुण्यात असते. ती फोनवरच उसळली, "बाबा, एजंटकडे कोण जातं हल्ली? ॲपवर टाका. फोटो, माहिती, घरबसल्या काम!" शैलाचं म्हणणं वेगळं होतं. "त्या ॲपला तोंड आहे का? उद्या काही झालं तर भांडायचं कुणाशी? ते टपरीवर बसणारे एजंट अण्णा बरे. निदान दिसतात तरी."

मी दोघींचं मन राखलं. विकायचं ॲपवर आणि घ्यायचं अण्णांकडून! आयुष्यभर मी असाच मधला रस्ता काढत आलोय आणि दरवेळी त्याच रस्त्यावर खोदकाम चालू असतं.

शैलाने एक अट घातली. "बिल्डिंगमध्ये कुणालाही कळता कामा नये. कळलं की भाव पाडतात, आणि वर चौकशा. का चाललात, कुणाशी वाजलं का?"

"बोरस्तेंना तरी सांगतो."

"त्यांना तर मुळीच नाही! तुमच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि त्यांच्या तर अजिबातच नाही."

भाऊसाहेब बोरस्ते तळमजल्यावर राहायचे. मूळचे निफाडकडचे, शिक्षक म्हणून रिटायर झालेले. बावीस वर्षं आम्ही रोज सकाळी दूध आणायला बरोबर जात होतो. तरी मी जिभेला कुलूप घातलं. भाऊसाहेबही त्या दिवसांत जरा गप्प गप्प वाटत होते. मला वाटलं, दात दुखत असेल.

मुग्धा शनिवार-रविवार येऊन फोटो काढून गेली. तिने आधी घरातलं निम्मं सामान गच्चीवर नेऊन ठेवलं. मग फोनमध्ये काय केलं देवाला ठाऊक, पण आमच्या हॉलचं मंगल कार्यालय झालं! मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हे कुणाचं घर गं?" असं विचारल्यावर तिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो थेट तिच्या आईचा होता.

माहिती मी लिहायची होती. ॲपवर चौकट होती, 'घराविषयी थोडक्यात लिहा'. मी झोपाळ्यावर बसून दोन दिवस थोडक्यात लिहीत होतो. 'या घरात ऊन आधी येतं आणि मग सकाळ होते. थंडीत धुकं गॅलरीच्या कठड्याला टेकून बसतं. इथे चहा गार होतो, पण कुणाची तक्रार नसते.' लिफ्ट आहे का, पाणी किती तास, यातलं एक अक्षर नव्हतं. वाचून दाखवलं तेव्हा शैलाने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, "इतकं छान आहे, तर आपण कशाला विकतोय?"

ॲपवर इमारतीचं नाव नव्हतं, नुसतं 'सातपूर परिसर'. गिऱ्हाईक भेटीची वेळ ठरवतं आणि भेटीच्या तासभर आधी त्याला पूर्ण पत्ता जातो, अशी त्यांची पद्धत. नुसतं 'सातपूर परिसर'. मला ते फार आवडलं. गुपित राहणार होतं.

अण्णांची पद्धत म्हणजे टपरीवरचं बाकडं, बगलेत डायरी आणि समोर कटिंग चहा. फोटो नाही, कागद नाही.

"काका, अण्णा शब्दावर घर विकतो," ते म्हणाले. "एक तळमजला आहे माझ्याकडे. गार सावली. पुढं अंगण. मालक सज्जन, वर कुठंतरी राहायला जायचं म्हणतात. बाईंना ऊन पाहिजे."

"बिल्डिंग कुठली?"

"ते नाही सांगत! नाव सांगितलं की पार्टी परस्पर जाते. रविवारी माझ्या गाडीत बसायचं, डोळ्यांनी बघायचं."

"शेजार कसा आहे?" हे शैलाने विचारायला सांगितलं होतं.

"शेजार एक नंबर. मालक म्हणाले, वर तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. बडबडे आहेत, तंद्रीत असतात, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"चालेल," मी उदारपणे म्हणालो. "असली माणसं आपण सांभाळून घेतो."

"आणि काका, तुमचं आत्ताचं घर कुठं? तेही विकायचं असंल ना?"

घर ॲपवर टाकलंय हे अण्णांना कळलं, तर ते तळमजला दाखवायचे नाहीत. मी घाईघाईत म्हणालो, "छे छे! आम्ही भाड्याने राहतो. तिकडे... नाशिकरोडला!"

"बरं मग. रविवारी दहाला स्टेशनसमोरून उचलतो तुम्हाला. नाशिकरोडचीच एक पार्टी भेटून येणारे मी."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा शैला भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "म्हणजे आता आपण सातपूरहून नाशिकरोडला जायचं, कारण तिथून आपल्याला सातपूरचं घर बघायला यायचंय?"

"हो. म्हणजे तसंच काहीसं."

"या गुडघ्यांनी?"

मी भाकरीकडे बघत राहिलो.

त्यात ॲपवाल्या मुलीचा फोन आला. आवाज असा, की ऐकतच राहावं! "सर, अभिनंदन! तुमच्या प्रॉपर्टीसाठी पहिली भेट ठरली आहे. रविवारी बारा वाजता. फॅमिलीला तुमचं वर्णन खूप आवडलंय. मॅडमनी ते दोनदा वाचलं म्हणे." मी इतका हवेत गेलो, की रविवार कुठला हे विचारायचंच राहिलं. तोच होता. पण दहाला अण्णा, बाराला घरी, बसत होतं गणित.

रविवारी सकाळी शैला अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरली. प्रत्येक पायरीवर मला एक एक वाक्य ऐकवलं. तळमजल्यावर बोरस्त्यांचं दार उघडं होतं आणि आतून फिनेलचा वास येत होता. भाऊसाहेब स्वतः खिडक्या पुसत होते!

"काय भाऊसाहेब, आज साफसफाई?"

"काही नाय, असंच," ते दचकून म्हणाले. "पाहुणे यायचेत. तुम्ही कुठं निघाले, वहिनींना घेऊन?"

"आम्ही? देवदर्शनाला!"

बावीस वर्षांचे मित्र, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होतो. तेव्हा मला त्यातलं अर्धंच माहीत होतं.

रिक्षाने आणि मग बसने आम्ही नाशिकरोडला पोचलो. अण्णा वेळेवर आले. मी पुढच्या सीटवर बसलो, काच खाली केली, गार वारा तोंडावर आला आणि माझी तंद्री लागली ती लागलीच. अंगणात शैला तुळशीला पाणी घालतेय, भाजीवालीशी समोरासमोर घासाघीस करतेय, मी खुर्चीत... मग माझ्या लक्षात आलं की त्या चित्रात मला डोंगर दिसतोय. तो मी पुसून टाकला. जरा वाईट वाटलं. अण्णांनी वाहतूक चुकवायला गाडी अंबडकडून कुठल्या कुठल्या गल्ल्यांत घातली. मागून शैला दोनदा "अहो" म्हणाली. मी म्हटलं, "अगं बघ तरी, किती शांत भाग आहे!" ती तिसऱ्यांदा "अहो" म्हणाली नाही.

गाडी एका फाटकातून आत शिरली. मी खाली उतरून वर पाहिलं.

"वा अण्णा! बिल्डिंग जुनी आहे, पण लोक रसिक आहेत. शैला, ती वरची गॅलरी बघ. झोपाळा टांगलाय कुणीतरी! किती छान!"

"तुम्हीच टांगलाय," शैला म्हणाली. "आणि त्याच्यावर वाळतोय तो पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेलही तुमचाच आहे."

अण्णांनी डायरी उघडली आणि परत मिटली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या दारातून भाऊसाहेब फोनवर ओरडत बाहेर आले. "अहो ताई, तुमच्या ॲपचं काहीतरी लय चुकलंय! मी पत्ता मागितला त्या धुक्याच्या घराचा, आन् तुम्ही माझ्याच बिल्डिंगचा पाठवला! तिसरा मजला? अहो, तिसऱ्या मजल्यावर तर आमचे वैद्य..."

आणि समोर वैद्य उभे होते. म्हणजे मी.

भाऊसाहेबांच्या मागून त्यांच्या मंडळी, सुमनवहिनी आल्या, नवी साडी नेसून, घर बघायला निघालेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग वर गॅलरीकडे.

"म्हणजे धुकं कठड्याला टेकतं ते... तुमचं होय हो?"

मी मान हलवली.

"आन् मी यांना रोज सांगतीये, असं घर आपल्या नशिबात कुठलं! मी शेतात वाढलेली बाई, भाऊ. बावीस वर्षं दिवसा लाइट लावून स्वयंपाक करतीये. कुरडया वाळवायला हाताएवढं ऊन नाही." शैलाने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"आम्हाला का नाही सांगितलं, भाऊसाहेब?" मी विचारलं. खरंच लागलं होतं मला.

"अण्णा बोलले, बिल्डिंगमधी कळू द्यायचं नाय. तुम्ही का नाय सांगितलं?"

"शैला म्हणाली, तुमच्या पोटात काही राहत नाही."

"आमच्या हिनं तुमच्याबद्दल हेच सांगितलं!"

यावर भाऊसाहेब असे हसत सुटले, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मग मीही बसलो. एकदम आठवलं म्हणून विचारलं, "आणि वर राहणारा तो बडबड्या कोण हो?"

ते आणखीच हसायला लागले.

घरात जाऊन सुमनवहिनींनी पोहे केले (पाहुण्यांसाठी कांदा चिरून ठेवलेलाच होता) आणि पोह्यांच्या बशा संपायच्या आत दोन्ही घरांचा सौदा ठरला. अण्णांना मी म्हटलं, "अण्णा, आता तुमची दलाली कसली? आम्ही एकाच जिन्यावरचे!"

"काका," अण्णा शांतपणे लिंबू पिळत म्हणाले, "मी पार्टी नाशिकरोडवरून आणली आहे. स्वतःच्या गाडीत घालून. माझा दोष काय?"

अण्णांनी दोन्हीकडून पैसे घेतले. ॲपनेही आपले घेतले, आणि वर त्या गोड आवाजाच्या मुलीने पाच तारे मागितले. मी दिले. बावीस वर्षं ज्याच्याबरोबर दूध आणलं, त्याला घर विकायला मी दोन-दोन मध्यस्थ लावले होते. तेवढे तारे देणं भागच होतं.

आता शैला रोज सकाळी अंगणात असते. भाजीवालीचं नाव मंदा आहे, तिला खळी पडते आणि ती कोथिंबिरीची जुडी फुकट देते, ही माहिती मला पहिल्या दिवशी चार वेळा मिळाली. वर सुमनवहिनींच्या कुरडया उन्हात वाळतात. झोपाळा मी त्यांनाच देऊन टाकला. फक्त भाऊसाहेब म्हणाले, "वैद्यभाऊ, सकाळचा चहा वरच घ्यायचा बरं का! डोंगर तर तुमचाच हाय."

मी कशाला नाही म्हणतोय? रोज सकाळी एकदा जातो. धुकं छान असेल तर दुपारीही जातो, राहिलंय का बघायला. संध्याकाळी चष्मा विसरलेला असतो, तो आणायला जातो.

गेल्या महिन्यात माझे गुडघे दुखायला लागले. शैलाने मला तिच्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबला, हलवला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वैद्यसाहेब, एक करा. हे जिन्याचं घर विका, आणि वहिनींसारखं तळमजल्यावर राहायला या!"