बर्फावरचा घाम
म्युनिकजवळ मला कुणी खोली देत नव्हतं, तेव्हा एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने स्वतःच्या घरातली दिली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, पण त्यापुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. मी त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणे. ओल्या कोबीच्या पानांचा वास आला की त्यांचं रानातलं शेत आठवतं. हिवाळ्यात हरणांना चारा मिळावा म्हणून ते तिथे कोबी लावत आणि झाडाला कॅमेरा बांधत. त्या वर्षी ते इस्पितळात होते, म्हणून फोटो मी बघे. रोज त्यांचा एकच प्रश्न असे, “आमची म्हातारी आली का?” म्हातारी म्हणजे फाटक्या कानाची हरिणी. एकदा तिच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत बर्फावर डाग दिसले. शेजारी फोटो बघून म्हणाला, “श्वाइस आहे.” श्वाइस म्हणजे घाम, एवढं जर्मन मला येत होतं. मी फोनवर आनंदाने सांगितलं, “ओपा, या थंडीत तिला घाम फुटलाय, ठणठणीत आहे!” ते हळूच म्हणाले, “इंजिनिअरसाहेब, आम्ही शिकारी रक्ताला श्वाइस म्हणतो.” दुसऱ्या दिवशी ती कोबीत मरून पडलेली सापडली. फोनवर बोलवेना, म्हणून मोडक्या जर्मनमध्ये पत्र पाठवलं: “ओपा, म्हातारी गेली. तिचं पिल्लू आज एकटंच चरायला आलं होतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मी बदलल्या आहेत.”