चौफुलीच्या अलीकडे

भिकन रिक्षावाल्याचं नुसतं नाव निघालं तरी जुबेदाबीच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. आणि नाव निघणार नाही असा दिवसच उगवत नव्हता, कारण जळगावात मेहरूणहून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज सकाळी तिची सायकल आणि त्याची रिक्षा एकमेकांसमोर यायच्याच. समोर म्हणजे काय, तो तिच्या अंगावर यायचा आणि ती त्याच्या वाटेत यायची. रस्ता एवढा रुंद, ट्रक जातात, बस जातात, उसाच्या गाड्या जातात. पण या दोघांना तो पुरत नव्हता.

जुबेदाबी एका डाळमिलमध्ये निवडायला जायची. नवरा हसनैन पिंजारी, गाद्या-रजयांचा कापूस पिंजून पिंजून त्याच्या छातीत दम्यानं घर केलं आणि तो घरी बसला. तेव्हापासून चूल पेटायची ती जुबेदाबीच्या हजेरीवर. मिलचं गेट भोंगा झाला की बंद. मग आत मुकादम आणि बाहेर तुम्ही. पाया पडा, रडा, आई आजारी आहे म्हणा, त्या गेटाला कान नव्हते. लागला खाडा. खाडे जास्त झाले की मुकादम म्हणायचा, उद्यापासून येऊ नको, बाहेर बाया रांगेत उभ्या आहेत. आणि खरोखरच असायच्या.

तर अशा गेटापर्यंत पोचायला मिलच्या सगळ्या बाया भिकनच्या शेअर रिक्षात बसायच्या. मागे तिघींची जागा, तो चौघी कोंबायचा. उरलेल्या दोघी पुढे, त्याच्याच सीटवर, एक या अंगाला एक त्या अंगाला. अर्धं बूड सीटवर, अर्धं हवेत, एका हातानं वरचा दांडा धरलेला आणि दुसऱ्या हातात डबा. आता एवढ्या बाया भरल्यावर चौफुलीवरच्या पोलिसानं बघितलं तर दंड ठरलेला. म्हणून चौफुलीच्या अलीकडे, पंक्चरच्या दुकानापाशी, भिकन रिक्षा हळू करायचा. थांबवायचा नाही हं, नुसती हळू करायचा आणि म्हणायचा, "पुढल्या उतरा." पुढल्यांनी उडी मारायची, चौफुली पायी ओलांडायची आणि पलीकडे रिक्षा उभी असेल तिच्यात पुन्हा चढायचं. बायांना याची इतकी सवय झाली होती की बोलता बोलता उतरायच्या आणि तेच बोलणं पलीकडे पुढे चालू करायच्या.

एका सकाळी जुबेदाबी अशीच उतरली, चौफुली ओलांडून गेली, तर पलीकडे रिक्षा नाही. भिकनला तिथे पोतं घेतलेला एक गडी भेटला होता. पोत्याचे जास्त मिळणार म्हणून त्यानं तो गडी तिच्या जागी बसवला आणि गेला निघून. जुबेदाबी बुरखा दोन्ही हातांनी उचलून पळत सुटली. ती पोचली तेव्हा गेट लागलेलं होतं, आणि मुकादमानं खिडकीतून बोट दाखवून सांगितलं, आणखी एक खाडा झाला की नाव कट.

संध्याकाळी ती सरळ स्टँडवर गेली आणि सगळ्या रिक्षावाल्यांदेखत तिनं भिकनला जाब विचारला. भिकन मूळचा पारोळ्याकडचा, बोलायला फटकळ आणि चार माणसं ऐकतायत म्हटल्यावर तर विचारूच नका. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मी काय तुनी वाट देखत बसू? तू काय नवरीबाई शे? एवढी घाई शे तं सायकल ले मंग."

सगळा स्टँड खो खो हसला. जुबेदाबी हसली नाही. तिनं सायकल घेतली.

भिकनला तेव्हा काय ठाऊक, की बोदवडला स्टेशनजवळ तिच्या बापाचं, असलमचं, सायकलींचं दुकान होतं आणि सीटवरून पाय पुरत नव्हते त्या वयात ती दांड्याखालून पाय घालून कैची सायकल दामटायची! जुनाट एक सायकल तिनं मिळवली, हसनैननं घरी बसल्या बसल्या तिला तेलपाणी केलं, आणि बुरख्याचा घेर साखळीत जाऊ नये म्हणून तिनं कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पहिल्या दिवशी मोहल्ल्यातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मशिदीसमोर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. जुबेदाबी भोंग्याच्या कितीतरी आधी गेटावर होती, आणि मुकादमाकडे बघून तिनं घंटी वाजवली ती उगाच नव्हे.

मग मिलमधली उषा सायकल घेऊन आली. मग आणखी पाच-सहा जणी. सुट्टीच्या दिवशी मेहरूण तलावाकाठी जुबेदाबी त्यांना शिकवायची, आणि पडली कुणी तर आधी हसायची आणि मग उचलायची. बघता बघता भिकनची सकाळची रिक्षा निम्मी रिकामी पडली.

आता भिकनच्या घरीही चूल होती, हे मी नाकारत नाही. पण माणसाचं गिऱ्हाईक तुटलं तर त्यानं आपलं काय चुकलं ते बघावं की नाही? भिकननं ते बघितलं नाही. तो हात धुवून त्या बायांच्या मागे लागला. सायकलच्या मागच्या चाकाला टेकेल इतकी रिक्षा आणून कर्कश हॉर्न वाजवायचा. ओव्हरटेक करून एकदम डावीकडे दाबायचा, की बाई गेलीच साइडपट्टीच्या खडीत. स्टँडवरचे बाकीचे त्याला चढवायचे, आणि पान थुंकायचं ते नेमकं बाया जवळ आल्यावर. जुबेदाबीही काही गोगलगाय नव्हती. रस्त्याच्या मधोमध, भिकनच्या पुढे, ती मुद्दाम हळू चालायची आणि साइड द्यायची नाही. एकदा त्यानं फारच जवळून घासून नेली तेव्हा तिनं पायातली चप्पल काढून रिक्षाच्या हुडावर अशी हाणली, की आत बसलेले लोक दचकले. "ए भिकन्या, रस्ता तुझ्या बापानं बांधला का?" ती ओरडायची. "तुना बापनी तं सायकलीच दुरुस्त करात!" तो उलटून ओरडायचा. चहाच्या टपरीवर लोक या दोघांची वाट बघत थांबायला लागले होते.

या सगळ्यात एक बाई मात्र पार चेमटली जात होती, ती धनीबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातली, लेकाच्या मागे जळगावला आलेली, मिलमध्येच निवडायला जाणारी, जन्मात सायकलला हात न लावलेली. गुडघे कुरकुरायचे. पायांत जाडजूड चांदीची कडी होती, ती पाण्या-पावसात, घरात-दारात कधी काढली नव्हती. पूर्वी सगळ्या बाया मिळून तिला मागे कोपऱ्यात बसवायच्या, भिकनची काय बिशाद तिला पुढे घ्यायची! आता बाया सायकलींवर गेल्या आणि मागच्या सीटवर पाइप कारखान्याचे गडी बसायला लागले. ते कशाला उठतायत? म्हातारी आली पुढच्या सीटवर. रोज चौफुलीच्या अलीकडे तीही उडी मारायला लागली.

ती एकदा जुबेदाबीला म्हणाली होती, "माले बी मांगे बसाडी ले ना व जुबेदा. मी काय जड नही."

जुबेदाबीनं एक दिवस तिला कॅरिअरवर घेतलंही. शेजारून ट्रक गेला, सायकल झोकांडली, धनीबाईनं तिचा बुरखा असा घट्ट धरला की दोघी पडता पडता वाचल्या. "नंतर बघू, अक्का," जुबेदाबी म्हणाली. ते नंतर काही आलं नाही. तिला तेव्हा भिकनशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

मग उषा गटारात पडली. भिकननं तिला चौफुलीच्या उतारावर इतकं दाबलं की साइडपट्टी संपली आणि ती सायकलसकट खाली गेली. गुडघा फुटला, तोंड चिखलानं भरलं. भिकननं मागे वळून बघितलं, आणि रिक्षा नेली. उषाच्या नवऱ्यानं त्याच दिवशी सायकल विकून टाकली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी रिक्षात दिसल्या, माना खाली घालून बसलेल्या, जुबेदाबीची नजर चुकवत. भिकननं तिला मागे टाकताना हात हलवला.

जुबेदाबी आतून पेटली. आज या दोघी, उद्या बाकीच्या, परवा मी. पुन्हा तेच अर्धं बूड, तीच उडी आणि बंद गेट. ते होऊ द्यायचं नव्हतं. आणि तिच्या ध्यानात आलं की भिकन तिला दाबू शकतो याचं एकच कारण आहे, दर वेळी ब्रेक तीच दाबते. त्याला ते माहीत आहे. सकाळी चिमटे लावताना ती हसनैनला म्हणाली, "आज मी थांबणार नाही. त्याला थांबू दे." हसनैननं खोकत खोकत वाकून ब्रेकची तार ताणून बघितली.

ती उताराला लागली आणि मागून ओळखीचा हॉर्न आला. भिकननं तिला मागे टाकलं आणि नेहमीसारखं डावीकडे घेतलं. पंक्चरचं दुकान समोर होतं. रिक्षा हळू झाली. रोज इथे जुबेदाबी ब्रेक दाबायची, पुढल्या उतरायच्या, मग ती निघायची. आज तिची बोटं ब्रेकवर गेली आणि तिथेच राहिली. रिक्षातून एक पाय खाली आला, प्लास्टिकची चप्पल आणि वर जाड चांदीचं कडं. पायामागून धनीबाई उतरली आणि तिनं मान वळवून सायकलीकडे बघितलं. दोघींची नजरानजर झाली. जुबेदाबीला वाटलं, रिक्षा पुढे सरकेल, अक्का मागे होईल, भिकन घाबरेल, काहीतरी होईल. ब्रेक दाबायला एवढा वेळ पुष्कळ होता.

सायकल धनीबाईच्या मांडीवर आदळली. धनीबाई डांबरावर पडली आणि डब्यातली भाकर रस्त्यावर घरंगळली.

भिकन खाली उडी मारून आला. "दखा! दखा रे बठ्ठास्नी! सायकलवालीनी म्हतारी पाडी!"

"तू पाडलीस!" जुबेदाबी उठता उठता किंचाळली. तिचे तळहात सोलले होते. "चालत्या रिक्षातून उतरवतोस, हरामखोर! परवा उषाला गटारात घातलीस, आज हिला!"

"तुले डोया नहीत का? ब्रेक नही का तुना सायकलले?"

लोक जमले. रिक्षातले गडी उतरून, भोंगा होईल म्हणून दुसऱ्या रिक्षाकडे पळाले. भिकननं जुबेदाबीच्या सायकलला लाथ मारली. जुबेदाबीनं त्याच्या शर्टाची कॉलर धरली. कुणी मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं. आणि खालून, त्या दोघांच्या पायांमधून, आवाज आला:

"भांडण मंग करा रे. पह्यले माले उचला."

मग कॉलर सुटली. दोघांनी मिळून तिला उचललं, ती एवढ्यानं ओरडली की पंक्चरवाला हातातलं चाक टाकून धावला. मागच्या सीटवर तिला आडवी केली, जुबेदाबीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि भिकननं सिव्हिलपर्यंत रिक्षा अशी चालवली, की एकाही खड्ड्याचा धक्का बसू दिला नाही. म्हणजे त्याला तशी चालवता येत होती.

मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि या वयात पुन्हा पूर्वीसारखं चालणं अवघड आहे. तिची डाळमिल तर सुटलीच. थोड्या वेळानं एक शिपाई जबाब घ्यायला आला. त्याला बघून भिकनच्या तोंडचं पाणी पळालं. तो खाटेजवळ वाकून हळूच म्हणाला, "माय, मी तुले रोज रिक्षामा लई जास, लई येस. ध्यानमा ठेव."

"अक्का, घाबरू नको," जुबेदाबी दुसऱ्या बाजूनं म्हणाली. "खरं ते सांग. यानं तुला चालत्या रिक्षातून उतरवलं की नाही?"

"आजी, कुणाच्या चुकीनं लागलं?" शिपायानं विचारलं.

"यानी उतारं," धनीबाई म्हणाली. "चालती रिक्षामाईन उतारं. रोज उतारस."

भिकननं मान खाली घातली. जुबेदाबी ताठ झाली. किती दिवसांनी तिच्या छातीत गार वाटलं! उषाचा गुडघा, गटार, स्टँडवरचं हसणं, सगळं आता लिहिलं जाणार होतं, आणि तेही धनीबाईच्या तोंडून.

"आन् इनी माले दखं," धनीबाई पुढे म्हणाली. तिनं डोळे जुबेदाबीवर ठेवले होते, आणि त्यांत राग होता, सरळ, न लपवलेला. "मना पाय दखा, मंग मना तोंड दखं. हात ब्रेकवर व्हता. दाबा नही. तुम्हले दोन्हीस्ले रस्ता पाहिजे व्हता ना? ल्या मंग. साहेब, दोन्हीस्ना नाव लिखी ले."

शिपाई जुबेदाबीकडे वळला. "बाई, हे खरं आहे का?"

जुबेदाबीला खूप काही सांगायचं होतं. मुकादम, गेट, पुढची सीट, तो पोत्यावाला गडी. त्यातलं एकही खोटं नव्हतं. पलीकडून भिकन तिच्याकडे बघत होता, आणि या खेपेला त्याला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. तिच्या तोंडून नुसतं "हो" निघालं, आणि तेही इतकं हळू की शिपायाला पुन्हा विचारावं लागलं.