पाण्याखालचा बांध

माझे चुलते, तात्या, उजनी धरणाच्या पाण्यात पर्यटकांना रोहित पक्षी दाखवायला मोटारबोट चालवतात. आमची जुनी जमीन याच पाण्याखाली गेली, त्यामुळे ते बोट सातबाऱ्यावरच चालवतात. हितं विहीर, तितं चिंच, असं सांगत.

गेल्या उन्हाळ्यात पाणी रोज उतरत होतं. परतताना काठाजवळ बोट धाडकन अडकली. खाली दगडी बांध होता, ज्यावरून तात्यांचं त्यांच्या चुलतभावाशी जन्माचं भांडण. बांध बुडाला तरी भांडण कोरडंच राहिलं होतं.

पुण्याचे पाहुणे गुडघाभर पाण्यातून काठावर गेले. कप्तानाने शेवटी उतरायचं असतं म्हणून तात्या बोटीतच बसले, आणि ढकलायला मला उतरवलं.

बोट हलेना. जवळचा ट्रॅक्टर नेमका त्या भावाचाच. तो आला आणि साखळी हातात धरून म्हणाला, "आधी सांगा तात्या, बांध कुणाचा?"

बांध आपला म्हणावा, तर आपल्याच बांधावर बोट घातली असं होतं. त्याचा म्हणावा, तर भांडण हरल्यासारखं. तात्यांनी काठावर ताटकळलेल्या पाहुण्यांकडं बघितलं.

"तुझाच हाय," ते म्हणाले. "म्हणून तर आडवा आला. वढ आता."

ट्रॅक्टरनं ओढली तशी बोट बांधावरून घासत अलीकडं, बांध आणि काठ यांच्यामधल्या पाण्यात आली आणि तरंगली. तात्यांनी साखळी सोडली, टोपी नीट केली आणि म्हणाले, "बांध माझाच हाय."

भाऊ शांतपणे साखळी गुंडाळत होता. "असंल की," तो म्हणाला. "उद्या तुमच्या बांधावरनं बोट पलीकडं तेवढी तुमीच न्या."