शाळा अजून सुटलेली नाही

मोहिते सरांना चहासाठी कधी कुणाला पाठवावं लागलं नाही. शाळेच्या मैदानात उभे राहून ते साध्या आवाजात "एक कट", म्हणजे अर्धा ग्लास, म्हणत आणि रस्त्यापलीकडचा टपरीवाला पातेलं चढवी. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, घोडे गेले, वारशात आवाज तेवढा उरला. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, अन्नपूर्णा भागातल्या छोट्या प्राथमिक शाळेत ते पीटी शिकवत. मी मुख्याध्यापिका, पण माझा आवाज पहिल्या रांगेपुढे जात नसे. ते म्हणत, "मॅडम, पोटातनं बोला. गळा तर चहा प्यायला दिलाय."

त्यांचा एक नियम होता. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कुणी हलायचं नाही. मुलं मैदानात रांगा करत, सर प्रत्येक रांगेवरून नजर फिरवत आणि मग "विसर्जन!" असा हुकूम देत. त्यानंतरच पळायचं. "घंटा तर कोणीपण वाजवतो," ते म्हणत. "शाळा हुकमानं सुटते."

टाळेबंदीच्या आधी शाळा बंद करायचा आदेश अचानक आला, तेव्हा सर नेमके मानपूरला भाच्याच्या लग्नात होते. मी घंटा वाजवायला लावली आणि मुलांना वर्गातून थेट फाटकाबाहेर काढलं. संध्याकाळी सरांचा फोन आला. मी तो कानापासून हातभर लांब धरला.

"मॅडम, विसर्जन कोणी दिलं?"

"कुणी नाही. घाई होती."

"म्हणजे शाळा सुटलेली नाही."

"सर, साथ आलीये."

"साथीचं साथ बघेल. मुलं हुकमाशिवाय गेली ना! आणि मी मे महिन्यात रिटायर होतोय, भिया!"

भिया म्हणजे इकडच्या बोलीत भाऊ; भरात आले की ते मलाही भिया म्हणत.

मला त्यांच्या विसर्जनापेक्षा मोठ्या काळज्या होत्या. पालकांना कळवायचं होतं की परीक्षा होणार नाही, मुलं वरच्या वर्गात गेली. मी फोनवर पालकांचा ग्रुप केला आणि सूचना लिहून टाकली. एकाने उत्तरादाखल गुलाबाचं फूल पाठवलं. दुसऱ्याने विचारलं, "मॅडम, सेव कुठे मिळून राहिली?" त्यानंतर त्या ग्रुपवर शेवेशिवाय विषय निघेना. कुणाकडे लवंगेची होती, कुणाकडे फिकी, कुणी वाटीला वाटी बदलून द्यायला तयार होतं. माझी सूचना वर कुठेतरी गाडली गेली आणि लोक मलाच फोन करून विचारू लागले, "मॅडम, पेपर कधी आहे?"

सर म्हणाले, "लिहिलेलं कोण वाचतो? मी बोलतो."

त्यांनी आवाजी निरोप पाठवला. सुरुवात "सावधान!" मग "विश्राम!" मग बराच वेळ शांतता. एका वडिलांनी लिहिलं, "सर, आवाज गेला." सरांनी उलट कळवलं, "आवाज नाही गेला. तुमची रांग सरळ व्हायची वाट बघतोय." शांततेनंतर परीक्षेचा निरोप खणखणीत आला आणि त्याच्या शेपटाला वहिनींचा आवाज: "अहो, ओरडून झालं असेल तर भांडी घासा." त्यावर सर "आलो" म्हणाले, ते मात्र गळ्यातनं. दिवसभर ग्रुपवर एकच चौकशी होती, "सर, भांडी झाली का?" पण परीक्षा कधी, हे पुन्हा कुणी विचारलं नाही. एक आई मला म्हणाली, "मॅडम, सरांचा निरोप लागला की आमचे हे उठून उभे राहतात. काल तर टॉवेलावर होते. तेपण सरांच्याच हाताखालून शिकलेले ना!"

बऱ्याच घरी असा फोनच नव्हता. ती घरं शाळेमागच्या गल्ल्यांत आणि सरांचं घरही तिथेच. पुस्तकं वाटायची ठरली तेव्हा सर गच्चीवर चढले आणि तिथून ओरडले. दहा मिनिटांत पोलिसांची गाडी आली. खालून शिपायाने विचारलं, "भिया, ऊपर कित्ते लोग हैं?"

"एक!"

"एक आदमी ऐसा चिल्ला रिया है?"

शिपाई वर जाऊन पाण्याच्या टाकीमागे बघून आला. मग तो सरांना म्हणाला, "माटसाब, हमारी गाड़ी में बैठ जाओ. माइक वैसे भी खराब पड़ा है." त्या दिवशी आमच्या भागात पोलिसांच्या गाडीतून घोषणा झाली: "घरातच बसा! बाहेर पडू नका! पुस्तकं गुरुवारी, फाटकावर, एका घरचं एकच माणूस!" गुरुवारी झाडून सगळ्या घरांनी पुस्तकं नेली.

मे महिन्यात सरांचा निरोप समारंभ फोनच्या पडद्यावरच उरकला. शाल मी कॅमेऱ्याला दाखवली आणि घडी करून ठेवली. मी म्हटलं, "सर, सगळे आहेत. ते विसर्जन देऊन टाका आता." पडद्यावरच्या चौकोनांत मुलं, आज्या आणि एक टॉवेलवाले वडील ताटकळत होते.

"फोनवर नाही होत, मॅडम. रांग दिसली पाहिजे."

"तुम्ही तर रिटायर झालात."

"मी झालो. शाळा नाही सुटलेली."

पुढे किती महिने गेले ते मोजायची माझी इच्छा नाही. शाळा उघडली तेव्हा मुलांना रांग म्हणजे काय हेच आठवत नव्हतं, नव्या मुलांना तर ठाऊकही नव्हतं. मी सरांना बोलावलं. भावनेने नाही, गरज होती म्हणून. ते बुटांना पांढरं फासून आले. "सावधान!" म्हणाले आणि कलकलाट जागच्या जागी थांबला. पहिलीतली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्या फोनमधले!"

प्रार्थना झाली. मी हजेरीचं सांगायला पुढे आले, पण सर रांगांकडे बघत होते. एकेक रांग, शेवटपर्यंत. मला वाटलं, मोजतायत. त्यांनी श्वास घेतला.

"विसर्जन!"

मी "अरे, थांबा!" म्हटलं, ते पहिल्या रांगेनेही ऐकलं नाही. दप्तरांसकट सगळी शाळा फाटकाबाहेर गेली. कोपऱ्यावर अजून स्कूटरी वळवत असलेल्या आयांवर आपलीच मुलं येऊन आदळली.

"सर! हे काय केलंत?"

"राहिलं होतं, मॅडम." चेहऱ्यावर असं समाधान, की मला रागावताही येईना. "ती जुनी शाळा सुटली. आता नवी भरवा."

भरवली त्यांनीच. फाटकात उभं राहून एकदा "वापस!" ओरडले. मुलं आली. दोघं पोह्याच्या दुकानातून आली, जिलबी चाटत.

दुपारी घंटा झाली, रांगा लागल्या. मी सरांना खूण केली. ते हात मागे बांधून म्हणाले, "मी रिटायर आहे. तुम्ही द्या."

मी दिलं. कुणी हललं नाही.

मागून हळूच आवाज आला, "पोटातनं, भिया."

पुन्हा दिलं. मुलं सुटली, धूळ उडाली. सर मात्र पळाले नाहीत. डावा-उजवा, डावा-उजवा करत शिस्तीत फाटकाबाहेर पडले. ते "एक कट" म्हणाले नव्हते, तरी रस्त्यापलीकडे टपरीवाल्याने पातेलं चढवलं होतं.