लिलाववाल्याचा संथ गळ

डेलमार प्रुइट जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. जिभेला लगाम नव्हता आणि हात जिभेच्याही पुढे पळायचे. जेवणाआधीची प्रार्थना तो अशा झपाट्याने म्हणायचा की बायकोला वाटे, ताटातली कोंबडी आता कुणीतरी बोली लावून नेणार.

अशा माणसाने फेब्रुवारीत डेल हॉलो तलावावर बास मासा पकडायचा म्हणजे थट्टाच. गारठलेल्या पाण्यात बास आळशी होतो. अगदी तोंडाशी येऊन रेंगाळेल तेच खातो. म्हणून नकली आमिष तळावरून गोगलगाईच्या चालीने ओढावं लागतं. डेलमारचं आमिष उधळलेल्या घोड्यासारखं धावायचं. सबंध हिवाळ्यात त्याला एकही मासा लागला नव्हता.

"आजही रिकामा राहिलास, तर नावेतली तुझी जागा चर्चच्या पास्टरला," नावेत शेजारी बसलेला तिचा मालक, डेलमारचा जुना दोस्त वेंडेल एकर्स म्हणाला. "त्याने कधीची मागून ठेवलीय."

"पास्टर? तो नावेतही प्रवचन झोडेल!"

"झोडू दे. सावकाश तरी बोलतो."

लग्नाआधीपासूनची ती जागा! डेलमार वेंडेलकडे वळला. "मग करू काय, ते तरी सांग."

"चर्चमधलं भजन मनात म्हण. एका कडव्याला दोरीच्या रिळाचा दांडा एकदाच फिरव."

डेलमारने भजन धरलं. दुसऱ्याच ओळीला लिलावाची लय लागली आणि आमिष धाडकन नावेवर आदळलं.

"भजन होतं की घोड्यांची शर्यत?" वेंडेलने विचारलं.

डेलमारने पुन्हा गळ टाकला. या खेपेला तो इतका जपत होता की त्याचाच गोंधळ उडाला. हे दुसरं कडवं की तिसरं? दांडा फिरवला की राहिला? फिरवला असेल तर आता फिरवायचा नाही. नसेल तर... पण मग मघाशी हलला तो कुणाचा हात? वेंडेलला विचारावं, तर जागा गेलीच. तो नुसता गोठल्यासारखा बसून राहिला.

दोरी जड झाली. दगड? बुडालेलं लाकूड? की आपला हातच बधिर झालाय?

"वेंडेल, इथला तळ हलतो का रे?"

"अरे बैला, ओढ!"

चांगला हातभर बास वर आला. वेंडेलचं सँडविच पाण्यात पडलं.

"नेमकं केलंस काय?"

"मी दांडा फिरवला होता का रे?" डेलमारने कळवळून विचारलं.

वेंडेलने मासा अलगद पाण्यात सोडला आणि टोपी मागे सरकवली. "शनिवारी असाच गोंधळून ये. पण खबरदार, घरी बसून हे कोडं सोडवलंस तर जागा पास्टरची!"