लई गप गाडी

आमच्या अप्पाला ऐकू येत नाही, हे कोल्हापुरात कितीतरी वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कारण आमच्याकडं हळू कुणी बोलतच नाही. "जेवलास काय?" एवढं विचारलं तरी भांडण पेटलंय असं परगावच्या पावण्याला वाटतं. अशा गावात बहिरा माणूस आरामात लपतो.

अप्पा म्हणजे माझा बाप चन्नाप्पा, मूळचा शिरोळचा. तरुणपणी उसाचे ट्रक चालवले. त्या ट्रकांचं इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या मांडीला लागून. हंगामभर ती धडधड कानाशी. डावा कान आधी गेला, उजवा त्याच्या मागून. लग्न होऊन आली तेव्हा अव्वा, माझी आई, मागून हाक मारायची आणि हा वळायचाच नाही. "मला वाटलं, गर्व हाय," अव्वा सांगते. "मग कळलं, गर्व न्हाय, कान न्हाईत."

ते घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढं ठरलं. बहिऱ्याच्या हातात स्टिअरिंग कोण देणार?

पुढं उद्यमनगरात बाळासो मालकांच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत तो ड्रायव्हर म्हणून लागला. बाळासोंची डिझेल अँबॅसिडर सुरू झाली की बॉनेटपासून डिकीपर्यंत हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. अप्पा तिला तळपायानं ऐकायचा. गिअर कधी टाकायचा ते पेडल सांगायचं, चाकात हवा कमी असली तर स्टिअरिंग. आणि मालक काय म्हणतात ते आरसा. आतला आरसा त्यानं असा वाकवला होता की मागचा रस्ता कमी आणि मालकांचं तोंड जास्त दिसायचं. त्या खडखडाटात मालक तोंड फाडून बोलायचे, "आरं ए शिरोळच्या गाढवा, हाण की!" आणि ओठांवरनं अप्पाला अक्षरन् अक्षर कळायचं.

"ड्रायव्हर असावा तर असा," बाळासो दोस्तांना सांगायचे. "माझ्या तोंडाकडं बघून वागतोय!"

दोन हजार तीन साली बाळासोंचा माल परदेशात जायला लागला आणि त्यांना जर्मन गाडीचं वेड लागलं. पुण्याहून मोहित नावाचा टायवाला विक्रेता एक लांब काळी गाडी चाचणीसाठी घेऊन आला.

"चन्नाप्पा, तू चालीव," बाळासो म्हणाले. "तू व्हय म्हटलास तरच घ्यायची. मी काय, मागं बसणार."

अव्वानं सकाळीच सांगून बघितलं होतं, "पोटात दुखतंय म्हण."

"गाडी ती गाडीच की गं. चार चाकं, एक इंजिन. बघतो."

अप्पानं चावी फिरवली. पायाला काही लागेना. म्हणून परत फिरवली.

मोहितनं त्याचा हात धरला. "काका, चालूच आहे!"

सगळे हसले. अप्पाही हसला.

कागलच्या बाजूला नवा चौपदरी रस्ता होता. पाय नुसता टेकवला की पुढचे ट्रक मागं पडत होते. मोहितनं पुढच्या सीटवरून एकेक बटण दाखवलं. एकानं सीट पाठीच्या बाकाला येऊन बसली, दुसऱ्यानं डावीकडं थंड वारं आणि उजवीकडं कोमट. मग तो बाळासोंना म्हणाला, "साहेब, आता तुमची सीट."

मागची सीट हळूहळू कलली. बाळासोंनी पाय पसरले. आणि आरशातलं त्यांचं तोंड खाली खाली सरकत गेलं, शेवटी नुसती मागची काच राहिली.

आत इतकं शांत होतं की भट्ट्यांच्या आवाजात जन्म काढलेला तो माणूस देवळात बोलावं तसं हळू बोलायला लागला. "चन्नाप्पा, गोकुळ शिरगावला वळव."

गाडी सरळ गेली.

"चन्नाप्पा, वळव की."

फाटा मागं पडला. बाळासोंनी मान वळवून फाट्याकडं बघितलं. मग तितक्याच हळू म्हणाले, "चन्नाप्पा, उद्यापास्नं कामावर येऊ नगंस."

अप्पा खुशीत रस्त्याकडं बघत चालवत राहिला. मोहितनं चमकून मागं बघितलं. बाळासोंनी ओठावर बोट ठेवलं.

फौंड्रीत परत आल्यावर ते अप्पाच्या समोर उभे राहिले आणि नेहमीसारखे ओरडले, "सांग, कशी हाय?"

"पिकअप म्हंजे वारं. ब्रेक असा की पोटातलं पाणी हलत न्हाय. सीट तर आईच्या मांडीवानी." अप्पा अडखळला. "पण मालक, लई गप हाय. आत काय बिघडलं तर सांगायची न्हाय. आपल्याला नको."

"लई गप हाय, खरं," बाळासो म्हणाले. "तुझ्यासारखीच."

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. फाट्यावरचं सगळं त्यांनीच अव्वाला सांगितलं. "बसव्वा, ह्यो माझी लेकरं शाळंत सोडतोय. मागनं हॉर्न वाजला असता तर?"

"इतक्या वर्षात गाडीला एक वरखडा तरी आला काय, मालक?"

"न्हाय आला. म्हणूनच हाकलत न्हाय. गेटवर बसू दे."

अप्पा समोरच होता, त्यांच्या ओठांकडं बघत. "व्हय मालक," म्हणाला.

जर्मन गाडी आली, तिच्यासोबत नवा ड्रायव्हर आला. अँबॅसिडर भंगारात गेली. अप्पा गेटवर दिवसभर रस्त्यावरची नजर काढत नाही, कारण ही गाडी जमिनीतूनही कळत नाही. गेट उघडायला त्याला एकदाही उशीर झालेला नाही. पण बाळासो आता काच खाली करत नाहीत. आतून हात हलतो: उघड. हात हलतो: लाव. कामगारांनीही तेच धरलंय. इतकी वर्षं ज्याच्याशी बोंबलून बोलत होते, तो बहिरा आहे कळल्यावर सगळेच खुणा करायला लागले. चहा हवा काय, तर अंगठा तोंडाशी. घरीसुद्धा अप्पा आता फारसं बोलत नाही.

परवा मी डबा घेऊन गेले. त्यानं डबा उघडलाच नाही.

"पोरी, मालकास्नी सांगशील?"

"काय?" मी तोंड समोर धरून विचारलं.

"शिव्या घाला म्हणावं, पैल्यागत. मला तोंड दिसतंय."

तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्यावरून रस्त्याकडं गेलं. तो उठला आणि दोन्ही हातांनी गेट ओढू लागला. गाडी आत गेली. काचेमागं हात हलला.

अप्पानं गेट लावलं.